बँकेची भिंत

"आजपासून या घरावर दुसऱ्या कुणाचंही राज्य नाही. फक्त आपलं," असं दिपकने दारात उभं राहून, उजवा हात वर करून जाहीर केलं. हातात बँकेचा लिफाफा होता. हे वाक्य त्याने स्कूटरवर येतानाच जुळवलं होतं आणि सात रस्त्याच्या सिग्नलला थांबून एकदा म्हणूनही पाहिलं होतं. शेजारच्या रिक्षावाल्याने तेव्हा मान हलवली होती.

"बरं झालं," आतून साक्षी म्हणाली. "पाणी आलंय. हंडा घ्या आणि खाली जावा."

सोलापुरात पिण्याचं पाणी रोज येत नाही. स्वातंत्र्य एकदा आलं की राहतं, पाणी तासाभरात जातं. तेव्हा आधी काय भरून घ्यायचं हे जुळे सोलापुरातल्या लहान पोरालाही कळतं. दिपकने लिफाफा फ्रिजवर ठेवला आणि हंडा उचलला.

खाली नळाला शेजारचा मल्लिकार्जुन होता. मूळचा अक्कलकोटकडचा, चादरीच्या दुकानात कामाला, आणि दिपकच्या भिंतीला भिंत असलेल्या फ्लॅटमध्ये भाडेकरू.

"काय ओ दिपकराव, बँकेत गेलता म्हणे?"

"गेलतो. फिटलं सगळं."

"सगळं? वीस वर्षांचं होतं की ओ ते."

"होतं. आठ वर्षं आधीच मिटवलं."

मल्लिकार्जुनने आपली घागर नळाखालून काढली. "मालकाचा हंडा आधी लावा," तो मागच्या रांगेला म्हणाला. रांग हसली आणि दिपकला आयुष्यात पहिल्यांदा नंबर नसताना पाणी मिळालं.

लोक कर्ज लवकर फेडतात ते व्याज वाचवायला. दिपकने फेडलं ते एका खिळ्यासाठी.

त्याचं असं झालं. कर्ज मंजूर होण्याआधी बँकेचा एक माणूस फ्लॅट बघायला आला होता. त्याने हॉलच्या भिंतीवर टिचकी मारली आणि दिपकच्या आईला, भीमाबाईला, हसत सांगितलं, "आजी, कर्ज फिटेपर्यंत या भिंती आमच्या बरं का." हा विनोद होता. पण बँकेतली माणसं क्वचितच विनोद करतात, त्यामुळे तो ओळखायची कुणाला सवय नसते. भीमाबाईने मान डोलवली आणि राहायला आल्याच्या दिवशी हुकूम काढला : भिंतीला खिळा मारायचा नाही.

"आई, घर आपल्या नावावर हाय," दिपकने समजावलं.

"नाव तुजं. भिंत त्येंची."

"कागद दाखवू का?"

"कागद मला दावू नगं. भिंतीला दाव."

तेव्हापासून त्या घरात जे जगात उभं असतं ते आडवं होतं. भिंतीवरचं घड्याळ टेबलावर उताणं असे. वेळ बघायची तर विहिरीत डोकावल्यासारखं वाकावं लागे. धाकटा बुद्धभूषण पहिलीत गेला तेव्हा वर्गातलं घड्याळ बघून त्याने बाईंना विचारलं, "हे पडणार नाही का?" आरसा शिलाई मशीनला टेकवलेला. साक्षी एका खाजगी दवाखान्यात नर्स. ड्युटीला निघताना ती गळ्यापासून खाली अगदी टापटीप असे, वरचं अंदाजाने करी. थोरल्या बुद्धप्रियाला चित्रकलेत जिल्ह्यात बक्षीस मिळालं. ते फ्रेम करून आणलं आणि पलंगामागे सरकवून ठेवलं. मैत्रिणी आल्या की ती त्यांना पलंगाखाली वाकायला लावून दाखवायची.

पुढे पुढे हे सगळं दिपकला विनोदी वाटेनासं झालं. एका रविवारी भीमाबाई तांदूळ निवडत होती. त्याने पुन्हा विषय काढला, तर ती मान वर न करता बोलली.

"तुजा बाप गिरणीत व्हता तवा पयली खोली घेटली. त्येनं पयल्या दिशी खिळा मारला आन बाबासायबांचा फोटो लावला. सकाळी घरमालक दारात. म्हनला, भिंतीचं जरा बोलायचं हाय. भिंत खराब व्हती म्हनला, उतरवा."

"मग?"

"उतरवला. दुसऱ्या खोलीत बी तसंच. तिसरीत आमी लावलाच न्हाय." तिने एक खडा बाजूला टाकला. "भिंत खराब व्हत न्हवती, दिपक. त्येला फोटो दिसत व्हता."

फोटो तेव्हापासून पत्र्याच्या पेटीत होता. चौदा एप्रिलला आणि विजयादशमीला पेटीवर उभा राहायचा, हार घालून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी आत जायचा. धोंडिराम, म्हणजे दिपकचे वडील, भाड्याच्या खोलीतच गेले. त्यांचा हात लागलेली ती एकच फ्रेम घरात होती.

"आता परत कुनी उतरव म्हनलेलं मला बघायचं न्हाय," भीमाबाई म्हणाली. "बँक फिटली की लाव. मी नसले तरी लाव."

वीस वर्षांच्या कर्जापुढे म्हातारीचं हे शेवटचं वाक्य दिपकला पचलं नाही. दुसऱ्या दिवशी कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात कामाला जाताना गाडीत त्याने पहिल्यांदा साक्षीला फोन करून विचारलं, "मुदतीआधी फेडलं तर चालतं का गं?"

"चालतंय," साक्षी म्हणाली. "पळावं आपल्याला लागंल."

मग घर पळायला लागलं. बोनस आला की बँकेत, भत्त्याची थकबाकी आली की बँकेत, साक्षीने जादा ड्युट्या घेतल्या त्याही बँकेत. स्कूटर इतकी जुनी झाली की दुरुस्त करणाऱ्याने तिला नावं ठेवायचं सोडून नमस्कार करायला सुरुवात केली. मुलांना महाबळेश्वरला जायचं होतं. दिपकने त्यांना हिप्परग्याचा तलाव दाखवला आणि पाणी सगळीकडे सारखंच असतं असं सांगितलं. मुलांनी भजी खाऊन ते मान्य केलं. वाढदिवसाचा केक कुकरमध्ये व्हायचा, शिट्टी काढून. एकदा शिट्टी काढायची राहिली आणि त्या वर्षी बुद्धभूषणने मेणबत्ती पुडिंगमध्ये उभी केली.

सायकल? खिळ्यानंतर. नवा फ्रिज? खिळ्यानंतर. 'खिळ्यानंतर' हा शब्द मुलं इतक्या सहज वापरायची की अकलूजच्या आत्याला वाटलं, सोलापुरात दिवाळीच्या पुढे कुठला तरी नवा सण निघालाय.

आणि आज तो सण आला होता.

सकाळी बँकेतल्या तरुण अधिकाऱ्याने दिपकचं अभिनंदन केलं आणि त्याच श्वासात त्याला गाडीसाठी कर्ज देऊ केलं. "सर, तुमच्यासारख्या ग्राहकाला आम्ही सोडणार नाही," तो म्हणाला. दिपकला हे प्रेम की धमकी ते कळलं नाही.

"एकच विचारायचं होतं. आता भिंतीला खिळा मारता येईल ना?"

अधिकाऱ्याने संगणकात पाहिलं. मग उठून आत गेला. बाहेर येऊन गंभीरपणे म्हणाला, "साहेब म्हणतात, हरकत नाही."

दिपकने हे घरी शब्दशः सांगितलं. भीमाबाईला या एका गोष्टीने बँकेबद्दल आदर वाटला.

पाणी भरून झालं. भीमाबाईने आंघोळ करून पांढरी साडी नेसली. पेटी उघडली, फोटो काढला, काच पुसली. मग दिपकने रुमालात गुंडाळलेला खिळा बाहेर काढला आणि सगळे बघायला पुढे वाकले.

वर्कशॉपातल्या साहेबांची रीतसर परवानगी घेऊन, भंगारातल्या तुकड्यातून, त्याने तो तिथल्या लेथवर स्वतः घडवला होता. वीतभर लांब, अंगठ्याएवढा जाड, आरशासारखा घासलेला. जिथे रेल्वेच्या डब्यांची कामं चालतात तिथे खिळा केला तर तो डबा पेलणाराच होणार.

"अहो, फोटो लावायचाय," साक्षी म्हणाली. "इंजिन नाही."

"एकदाच मारायचाय. परत निघाला नाही पाहिजे."

त्याने ड्रिलने बोटभर वाट करून दिली. आईने शोभेपुरते दोन टोले मारायचे, बाकीचं तो बघेल, असं ठरलं होतं. भीमाबाई स्टुलावर चढली. साक्षीने तिची कंबर धरली, मुलांनी स्टूल धरलं. पहिला टोला इतका हळू पडला की खिळ्याला कळलाही नसेल.

"आजी, जोरात," बुद्धभूषण म्हणाला.

भीमाबाईने हातोडा नीट धरला. "ह्यो पयल्या खोलीवाल्याचा." ठण्ण. "ह्यो दुसऱ्याचा." ठण्ण. "ह्यो लाइट बंद करनाऱ्याचा. ह्यो नळाला कुलूप घालनारीचा."

"आई, बास की," दिपक म्हणाला.

"थांब रं. आत्ता कुटं धरतंय."

ती बांधकामावर विटा वाहिलेली बाई. हात अजून विसरला नव्हता. शिवाय बिल्डरने दोन घरांमधली भिंत माणुसकी टिकून राहावी इतपतच जाड ठेवली होती. घरमालक संपले तरी टोले थांबेनात.

"हा कुणाचा आजी?" बुद्धप्रियाने विचारलं.

भीमाबाई जरा थांबली. साडीच्या पदराने कपाळ पुसलं.

"ह्यो माजा," ती म्हणाली, आणि सगळ्यात जोरात हाणला.

फोटो लागला. बुद्धप्रियाने मेणबत्ती लावली. बुद्धभूषणने न सांगता हात जोडले. भीमाबाई समोरच्या खुर्चीत बसली, हातोडा मांडीवर ठेवून, आणि मान वर करून बघत राहिली. इतकी वर्षं पेटीवर वाकून बघितलेला फोटो आता वरून तिच्याकडे बघत होता. साक्षीने दिपकला कोपराने ढोसलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि आज पाण्याचा दिवस होताच.

तेवढ्यात बेल वाजली.

दारात मल्लिकार्जुन. डोक्यावर, भुवयांवर पांढरी भुकटी. हातात अर्धी कडक भाकरी. त्याने आत भिंतीकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"भिंतीचं जरा बोलायचं होतं," तो म्हणाला.

भीमाबाई उठली. कुणाला काही कळायच्या आत ती फोटोच्या पुढे जाऊन उभी राहिली, फोटोकडे पाठ करून. हातोडा तिच्या हातातच होता. मेणबत्तीची ज्योत हलली तेवढीच खोलीत हालचाल.

"बोला," ती म्हणाली.

मल्लिकार्जुन एक पाऊल मागे सरकला. "आज्जी, खिळा आमच्याकडं निघालाय ओ. चार बोटं. जेवताना डोक्यावर."

"अरे देवा," दिपक म्हणाला. "आत्ता कापून देतो. प्लॅस्टर करून देतो, रंग बी देतो."

"नको नको, तसं नव्हं." मल्लिकार्जुनने भाकरी या हातातून त्या हातात घेतली. "आमचा मालक पुण्याला असतो. भिंतीला खिळा मारायचा नाही म्हणून करारात लिहून घेतलंय. आमच्या मंडळीचं, गिरिजाचं, कॅलेंडर तीन वर्षं झाली गव्हाच्या डब्याला टेकवून हाय. आता हा खिळा आमी मारलेला नाही की. तुमचा हाय. तुमच्या बाजूनं आलाय. तर ती म्हणती, आज्जींना विचारून या. त्याच्यावर आमचं कॅलेंडर लावलं तर चालंल का?"

सगळ्यांनी भीमाबाईकडे पाहिलं. भिंतीसाठी तिची परवानगी मागायला आजवर कुणी दारात आलं नव्हतं. ती फोटोपुढून बाजूला झाली. हातोडा टेबलावर, उताण्या घड्याळाशेजारी ठेवला. पदर नीट केला.

"लावा की," ती म्हणाली. "आपलीच भिंत हाय."

मल्लिकार्जुन खूश होऊन वळला. तो जिन्याच्या कठड्यापर्यंत पोचला असेल, तोच तिने हाक मारली.

"मल्लिकार्जुना, गिरिजाला येक सांग. म्हैना सरला की पान जरा हळू उलट म्हनावं. हिकडं फोटो हलतोय."