काटा चाळीसवर

त्या सकाळी सिलेंडरला हात लावला की बोटं बधिर होत होती. कार्बन डायऑक्साइड भरणाऱ्या बाईंनी सगळा माल आदल्या दुपारीच वजन करून तयार ठेवला होता. तेव्हा दाबाचा काटा चौसष्टवर होता. आता तो चाळीसवर येऊन बसला होता.

महिन्यापूर्वी आलेल्या साहेबांनी खिशातून तक्ता काढला. तापमान उतरलं की दाब किती उतरतो, हे त्यांनी कॉलेजातलं सूत्र लावून मांडलं होतं.

"साठ हवा होता. माल कमी भरलाय. काटा साठवर येईपर्यंत भरा."

बाईंनी दाराकडे पाहिलं. बाहेर ट्रकपाशी त्यांचा धाकटा भाऊ उभा होता. हाच माल पाठीशी घेऊन तो घाट उतरणार होता, आणि खाली सपाटीला दुपारी घामाच्या धारा लागतात.

"भरणार नाही," त्या म्हणाल्या.

"मग घरी बसायची तयारी आहे?"

"आहे. पण भरणार नाही."

बारा वर्षांत बाईंनी कुणाला उलट उत्तर दिलं नव्हतं. आज मात्र त्या हट्टाला पेटल्या. त्यांनी एक भरलेला सिलेंडर घरंगळवत आणला आणि त्याच्याशेजारी गिऱ्हाइकाकडून अर्धवट परत आलेला एक ठेवला. दोन्हीही रात्रभर त्याच थंडीत होते. दोन्हींवर दाब मोजला. चाळीस आणि चाळीस. मग वजन केलं. एकात तीस किलो वायू, दुसऱ्यात पंधरा.

साहेबांनी वजन पुन्हा करून पाहिलं.

"हा वायू आत पाण्यासारखा पातळ होऊन बसतो, साहेब. थंडीत वरची वाफ कमी होते, आणि काटा तेवढंच सांगतो. कितीही भरा, हलायचा नाही. हलेल तेव्हा आत जागाच उरलेली नसेल. मग ऊन लागल्यावर तो फुगणार कुठे?"

"सूत्र मी नीट लावलं होतं."

"असेल. पण ते ज्या वायूचं आहे, तो कधी पातळच होत नाही."

साहेब ट्रककडे बघत राहिले. "गाडी कोण नेणार?"

"माझा भाऊ."

साहेबांनी तक्ता घडी करून खिशात घातला आणि भरायच्या नळीची चावी स्वतःच्या हाताने बंद केली. "सगळे पुन्हा वजनावर घेऊ," ते म्हणाले आणि पहिला सिलेंडर ओढायला वाकले.

"ताई, उशीर होतोय," बाहेरून भावाने हाक मारली.

"होऊ दे. इंजिन बंद कर."