वाऱ्याला बंद दार

"झुल्मिराबाई, आला हो वारा!" शेजारच्या निल्दाने रस्त्यावरून आरोळी दिली.

"त्याला म्हणावं, पुढच्या घरी जा!" झुल्मिरा आतूनच ओरडली. हे उत्तर चाळीस वर्षं जुनं होतं.

संध्याकाळी समुद्राकडून अराकाती नावाचा गार वारा आला की अख्खं गाव दारात खुर्च्या टाकून बसे. झुल्मिरा मात्र दारं लावून कार्नाउबा माडाची वाळलेली पानं बडवून त्यांवरची मेणाची भुकटी झाडत असे. ही भुकटी पिठाहून हलकी. एक झुळूक शिरली की दिवसाची मेहनत गावभर. त्या भुकटीच्या मेणाने परदेशातल्या मोटारी चकाकतात, असं भुकटी विकत नेणारा व्यापारी सांगे. झुल्मिराकडे मोटार नव्हती. घराचे वासे, केरसुणी, खुर्च्यांची वीण, सगळं त्याच माडाचं. नवरा देउसदेते रोज दोन खुर्च्या बाहेर टाकी आणि दुसरीवर कुणाला टेकू देत नसे. "मालकीण येतेय," म्हणे. मालकीण कधी आली नाही.

गेल्या महिन्यात त्याचे पाय गेले. डॉक्टरच्या गोळ्यांनाही याच मेणाची झिलई होती; चकाकी तेवढी होती, गुण आला नाही. आता तो मागच्या खोलीत पडून असे. तिथे वारा पोचायचा तर पुढच्या खोलीतून, म्हणजे भुकटीवरूनच.

"आला का गं?" तो रोज विचारी.

"एवढं आवरू दे. उद्या नक्की."

"तुझा उद्या माझ्याहून म्हातारा झालाय."

आज आरोळी येऊन गेली, तरी मागून आवाज नाही. झुल्मिराचा हात थांबला.

"देउसा?"

"हं."

"आज विचारलं नाहीस?"

"तुला काम आहे ना."

टोमणा असता तर तिने परतवला असता. हा टोमणा नव्हता.

कापडावर दिवसभराची भुकटी पडली होती. भरायला तास गेला असता, आणि व्यापारी सकाळीच यायचा होता. तिने अडसर काढला आणि पुढचं नि मागच्या खोलीचं, दोन्ही दारं सताड उघडली. ढीग जागचा उठला, वाशांना लागला आणि मागच्या खोलीत गेला.

"अगं वेडे, भुकटी!"

"गप पड. गार लागतंय का?"

त्याचे डोळे मिटले होते, भुवया भुकटीने पांढऱ्या झाल्या होत्या. तिने कोपऱ्यातली दुसरी खुर्ची ओढली आणि खाटेशी बसली.

"जरा सरक," तो म्हणाला, "वारा अडतोय."

ती सरकली. कुणी कधी न बसलेली वीण करकरली.