सतरा ते चोवीस

लेकीने काचेवर पाण्याचे दोन थेंब टाकले, चिमूटभर पूड पसरली आणि दगड झालेला तो जीव घासायला घेतला. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा हात फिरवायचा, मग धुवायचं, पुसायचं, मापून पाहायचं. एका घासणीत मिलिमीटरचा दहावा भाग जातो. गेला तो गेलाच. म्हणून पुढची घासणी सुरू करण्याआधी समोर आलेला काप कागदावर उतरवून घ्यायचा. ते काम बाईंचं.

"आई, सोळावा."

बाईंनी भिंगाला डोळा लावला. गाळाच्या करड्या रंगात दोन पांढरी टिंबं होती, एकमेकांपासून अंतर राखून. त्यांनी ती सोळाव्या चौकटीत काढली. पेन्सिल खाली ठेवली आणि हात पदराखाली घेतले.

तेहतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवल्यामुळे त्या सगळ्यांच्याच बाई झाल्या होत्या. नवरादेखील घरात "अहो बाई" म्हणूनच हाक मारी. तो कॉलेजात भूशास्त्र शिकवायचा, म्हणून तो सर. असं हे सरांचं आणि बाईंचं घर, आणि त्यात जन्मभर ब्रॅकिओपॉड. समुद्रतळाशी देठाने खडकाला धरून राहणारा हा दोन झडपांचा प्राणी. कुणी पाहुण्याने त्याला शिंपला म्हटलं की सरांच्या कपाळाची शीर उडायची. शिंपल्याच्या झडपा डावी-उजवी, जोडलेल्या हातांसारख्या. ह्याच्या वर-खाली, त्यातही खालची मोठी. "वरच्या झडपेवर चोच काढून बसलेली, सासूसारखी," असं सर सांगत, आणि सासूबाई हयात असेपर्यंत हे वाक्य हळू आवाजात सांगत.

पण बाहेरून पाहून त्याची जात कळत नाही. आत चुन्याची एक नाजूक कडी असते, प्राण्याच्या अन्न गाळणाऱ्या पिसाऱ्याला आधार देणारी. ती आखूड की लांब, सरळ जाऊन थांबते की मागे वळते, त्यावर सगळं ठरतं. आणि ती पाहायची तर जीव घासून संपवावा लागतो. "झाकली मूठ सव्वा लाखाची," सर म्हणत, "पण आपला धंदा मूठ उघडायचा."

अशाच एका मुठीतून सरांना त्यांची एकुलती एक नवी जात मिळाली. पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका खाणीत दोनच नग सापडले होते. एक घासला, दुसरा संग्रहालयाच्या कपाटात गेला. घासलेल्याची कडी मागे वळलेली निघाली. अख्ख्या कुळात कुणाची तशी नव्हती. सरांनी त्या जातीला बाईंचं नाव दिलं, मागे लॅटिनचं शेपूट लावून. लोक बायकोला दागिने करतात, आमच्याकडे पाहा, असं बाई मैत्रिणींना सांगत आणि हसत. हसून झालं की दर वेळी विषय बदलत.

कारण कडी मागे वळलेली बाईंनी पाहिलीच नव्हती.

तेव्हा सर बाहेरच्या खोलीत घासत, नग आणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर भिंगाखाली ठेवत आणि पुन्हा कागद चाळायला जात. थोड्या वेळाने दारातून विचारत, "झालं?" बाई म्हणत, "झालं." त्या दिवशी लेक अकरा महिन्यांची होती आणि तापाने फणफणली होती. खांद्यावरून खाली ठेवलं की कळवळून रडायची. सरांना घासायला बसलं की घराला आग लागलेली कळली नसती. सकाळपासून दुपारपर्यंत ते आठ वेळा दारात आले. आठ वेळा बाईंनी खांद्यावरच्या पोरीला थोपटत, तोंडातून सुटून गेल्यासारखं "झालं" म्हटलं. ताप उतरला आणि त्या भिंगाशी बसल्या, तेव्हा पंचविसावा काप समोर होता. त्यात काहीच नव्हतं. सोळाव्यात दोन टिंबं, पंचविसाव्यात कोरा गाळ, आणि मधले आठ काप पाण्याबरोबर मोरीत गेलेले.

त्या रात्री सांगणार होत्या. त्याआधी, नुसतं बघू या म्हणून, त्यांनी आठ चौकटी भरल्या. दोन टिंबं तशीच पुढे नेली तर चित्र ओकंबोकं दिसत होतं. म्हणून मध्ये आणखी दोन घातली. चार टिंबं म्हणजे कडी मागे वळली, तिच्या दोन दांड्या जाताना कापल्या गेल्या आणि दोन परतताना, हे त्यांना ठाऊकही नव्हतं. सरांनी कागद पाहिला आणि लहान मुलासारखे खोलीभर नाचले. सहा वर्षं ते ह्या एका गोष्टीची वाट पाहत होते.  उद्या सांगू, असं बाईंना वाटलं. मग महिना गेला, मग निबंध छापून आला, आणि मग सांगण्याची वेळच निघून गेली.

आता लेक त्याच विषयात नावारूपाला आली होती. साऱ्या कुळाची नवी सूची ती करत होती आणि प्रत्येक जात पुन्हा तपासून घेत होती. मशीनमध्ये घालून आतलं छायाचित्र काढून पाहिलं, पण कवचही चुन्याचं आणि आतला गाळही चुन्याचा. चित्र नुसतं राखाडी आलं. आठ महिने पत्रव्यवहार करून तिने संग्रहालयाकडून दुसरा नग घासायची परवानगी मिळवली, त्याचा साचा काढून ठेवला आणि सुट्टी घेऊन घरी आली. बाबांच्या समोर व्हावं म्हणून. सर गेल्या वर्षी पक्षाघाताने अंथरुणाला खिळले होते. शब्द एकेक करून येत. पलीकडच्या खोलीतून ते घासण्याचा आवाज कान देऊन ऐकत होते.

"आणि चित्रं तूच काढायचीस," लेक म्हणाली होती. "फोटोत ओरखडे आणि टिंबं सारखीच दिसतात. तुझ्यासारखा हात नाही कुणाचा."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार. चार दिवस बाई जेवल्यासारखं करत होत्या.

"सतरावा," लेक म्हणाली, पण नग भिंगाखाली ठेवायच्या आत तिने स्वतःच निरखून पाहिला. पुन्हा धुतला. पुन्हा पाहिला.

"काय झालं गं?"

"बघ तू."

बाईंनी पाहिलं. करडा गाळ संपला होता. त्याच्या जागी पांढरे, चमकदार, खडीसाखरेसारखे खडे होते. ना दोन टिंबं, ना चार.

"इथून पुढे गाळ पोचलाच नाही," लेक म्हणाली. "पोकळीत स्फटिक वाढलेत. कडी होती ती विरघळून गेली असणार." तरी तिने अठरावा घासला, एकोणिसावा घासला. पंचविसाव्यापर्यंत नुसता पांढरा चकचकाट. मग ती ओल्या हातांनीच खुर्चीवर टेकली.

बाईंच्या छातीवरचा दगड उतरला. किती दिवसांनी पोटभर श्वास आला. देवाने सोडवलं, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

"आता जगात फक्त तुझी चित्रं उरली, आई," लेक म्हणाली. "ह्या कडीचा दुसरा पुरावाच नाही. चौघा अभ्यासकांनी आपापले नग ह्याच गटात घातलेत, तुझी आठ चित्रं बघून. माझा प्रबंधसुद्धा त्यांच्यावरच उभा आहे."

  बाईंनी पदराखालचे हात बाहेर काढून टेबलावर ठेवले आणि सगळं सांगितलं. मोठ्याने नाही, पण काही न वगळता. ताप, खांदा, आठ वेळा म्हटलेलं "झालं," ओकंबोकं दिसणारं चित्र.

 संपल्यावर लेकीने विचारलं.

"ताप मला आला होता?"

"हो. पण तुझा काय दोष त्यात?"

"बाबांना माहीत आहे?"

"नाही."

पलीकडच्या खोलीत पलंग करकरला. घासण्याचा आवाज थांबून बराच वेळ झाला होता.

"किती?" सरांनी विचारलं. मग दम घेऊन दुसरा शब्द आणला. "टिंबं?"

बाई उठू लागल्या. आता निदान त्यांनाही आपल्या तोंडाने सांगावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण लेक आधी उठली आणि दाराशी गेली. तिथे ती चौकटीला धरून उभी राहिली. बाईंना तिची फक्त पाठ दिसत होती.

"चार, बाबा," ती म्हणाली. "सतराव्यापासून चार."

सर हसले. अर्ध्याच चेहऱ्याने हसता येत होतं त्यांना, पण आवाज पुरा होता. "बघू," ते म्हणाले. "चित्र."

"आणते. आई काढतेय."

ती परत आली. तिने टेबल पुसलं, नवा कागद घेतला, पट्टी लावून आठ चौकटी आखल्या आणि कागद बाईंसमोर सरकवला.

"हे बरं नाही गं," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "आणि काढू तरी कशावरून?"

"मागच्या वेळी कशावरून काढली होतीस?"

लेकीच्या आवाजात राग नव्हता. असता तर बाईंना बरं वाटलं असतं.