नाथवाडीची शीव

गुरुवारी सकाळी नऊ वाजता नाथवाडीची काठी महामार्गावर आली आणि पुण्याच्या दिशेने वळली.

काठी भैरवनाथाची. एकाला एक जोडलेले दोन बांबू, उंची दुमजली घराहून जास्त, वर मोरपिसांचा तुरा, खाली लाल-पांढऱ्या कापडाचे वेढे. एक माणूस ती कमरेच्या पट्ट्यात धरून चालतो आणि चौघे चार बाजूंनी दोर ताणून तिला तोलतात. चैत्रातल्या यात्रेला काठी देवळातून निघते, गावाच्या टोकाला असलेल्या उंबराला टेकते, गुरव नारळ फोडून ‘शीव बांधली’ असं मोठ्याने म्हणतो आणि मग गाव जेवायला बसतं. एकदा उभी केलेली काठी उंबराला टेकल्याशिवाय आडवी करत नाहीत. ती टेकेपर्यंत गावात कुणी मांडवाचा खांबही रोवत नाही. एरवी हे सगळं तासाभरात उरकतं.

यंदा उंबर पुण्यात होता.

नाथवाडी कुसगावच्या पलीकडे, टेकडीच्या पायथ्याशी आहे. महामार्ग रुंद करताना नवी आखणी नेमकी उंबरावरून गेली. गावाने दोनदा काम अडवलं. आखणी हलणार नाही, असं रस्ता बांधणाऱ्या कंपनीने कळवलं. झाड तोडू देणार नाही, असं गावाने कळवलं. शेवटी ग्रामसभेने एकमताने ठराव केला की उंबर न तोडता मुळासकट काढून योग्य ठिकाणी लावावा. योग्य ठिकाण म्हणजे रस्त्याच्या अलीकडची गायरानाची कड, असं ठराव करणाऱ्या प्रत्येकाच्या मनात होतं, त्यामुळे ते लिहायचं कुणाला सुचलं नाही. कंपनीच्या पर्यावरण अधिकारी इरावती यांनी रोज पाणी मिळेल अशी जागा शोधली. त्याच सुमारास बोपोडीच्या पुढे, जुन्या महामार्गाला लागून, एक चौक सुशोभित होत होता आणि तिथे मोठं झाड हवं होतं. पावसाळ्यात उंबर ट्रेलरवर चढला. गावाने हळदकुंकू लावून त्याला निरोप दिला. ट्रेलर कुठे चालला आहे, हे कुणी विचारलं नाही. जवळच चालला असणार, असं सगळ्यांनी धरलं.

यात्रेच्या आदल्या आठवड्यात धोंडिबा गुरवांनी चौकशी केली, तेव्हा इरावतींनी फोनवर जागेचा नकाशा पाठवला. तो देवळात सगळ्यांनी आळीपाळीने पाहिला.

“एवढ्या लांब?” सोपान म्हणाले. काठी धरायचा मान त्यांच्या घराण्याचा. त्यांची मुलगी कोमल लोणावळ्याच्या एका हॉटेलात स्वागतकक्षात काम करते. तिचं लग्न कामशेतच्या संदेशशी सोमवारी ठरलं होतं. मांडव रविवारी दारात उभा करायचा होता.

“झाड कुटं हाय, ते देवानं इचारलं न्हाई,” धोंडिबा म्हणाले. “काठी झाडाला टेकती.”

“फांदी आणू की एक. टेम्पोत.”

“नवरीचा केस आणून लगीन लावत्यात व्हय, सोपानभाऊ?”

मग तीन दिवस चालायचं, शनिवारी टेकवायची, रविवारी सकाळी टेम्पोने परत येऊन मांडव घालायचा, असा हिशेब झाला. कोमलने तो दोनदा पडताळून पाहिला आणि ठीक आहे म्हणाली.

पहिली अडचण टोलनाक्यावर आली. काठी छपराहून उंच होती. अगदी कडेला बिनछपराची एक रुंद वाट होती, पण ती अवजड, अवाढव्य मालासाठी राखलेली.

“गाडी कुठली?” खिडकीतल्या माणसाने विचारलं.

“गाडी न्हाई. देव हाय.”

“देव यंत्रात नाही. क्रेन आहे, पवनचक्कीचं पातं आहे. त्यातलं काही लावू का?”

धोंडिबांनी थोडा विचार करून पवनचक्कीचं पातं लावायला परवानगी दिली. अशा मालाला पुढे-मागे पोलिसांची गाडी लागते, म्हणून ती आली. मालाच्या टोकाला लाल कापड बांधायचा नियम होता. ते आधीपासूनच होतं. तिथून पुढे काठीच्या पुढे दिवा फिरवणारी गाडी राहिली आणि मागे ट्रकांची रांग लागली. कुणी मोठा माणूस चालला आहे असं समजून ट्रकवाले बराच वेळ शांत होते.

कार्ला फाट्यापासून विजेच्या तारा आडव्या यायला लागल्या. काठी झुकवायची नाही, म्हणून तारांतली वीज बंद करायची, असं ठरलं. काठी जिथून जाईल तिथली वीज थोडा वेळ जाई. संध्याकाळपर्यंत कामशेतला बातमी पोचली होती. वीज गेली तसे लोक नारळ घेऊन रस्त्यावर येऊन उभे राहिले.

त्यांच्यात संदेशची आजी कस्तुराबाई होत्या. त्यांनी काठीला ओवाळलं आणि सोपानांच्या हातावर गूळ ठेवला.

“व्याही, लेकीच्या लग्नाची पत्रिका द्यायला लोक घरी येत्यात. तुमी देव घेऊन आला.”

“रस्त्यात व्हतं घर, मावशी.”

“आता आमाला बी बघायचंय कुटं टेकती ती. मागच्या टेम्पोत जागा करा माज्यासाठी.”

काठी रात्रभर उभी राहिली. दोर टपरीच्या खांबांना बांधता आले असते, पण बांधलेली काठी उभी मानायची की टेकलेली, यावर एकमत झालं नाही. म्हणून माणसंच पाळीपाळीने धरून बसली.

शुक्रवारी वडगावात लोकांनी स्वतःच्या गावचा उंबर देऊ केला. तो रस्त्याच्या कडेलाच होता, आणि त्यांच्या मते नाथवाडीच्या उंबराहून डेरेदारही होता. धोंडिबांनी तो फिरून पाहिला.

“झाड चांगलं हाय,” ते म्हणाले. “पर वळख न्हाई.”

तळेगावच्या पुढे सोपानांचे पाय सुजले. त्यांनी पट्टा भाच्याला दिला आणि स्वतः दोर धरला. देहूरोडला एका पादचारी पुलाने वाट अडवली. पोलिसांच्या गाडीने दिवा फिरवत काठी एका वसाहतीच्या आतल्या गल्ल्यांतून वळवून पुन्हा रस्त्यावर आणली. त्या वसाहतीतल्या लोकांना कुणीच काही सांगितलं नव्हतं. तरीही त्यांनी नारळ दिले. निगडीच्या पुढे काठी मेट्रोच्या पुलाला समांतर चालली आणि वरच्या गाडीतून लोक मोरपिसांच्या उंचीवरून खाली बघत राहिले.

शनिवारी दुपारी काठी चौकात पोचली. उंबराला पालवी फुटली होती. भोवती गोल कठडा होता, आणि समोरच्या सोसायटीचे अध्यक्ष गंगाधर पाण्याचा पाइप घेऊन उभे होते. पावसाळा संपल्यापासून झाडाला पाणी तेच घालत होते.

“आम्ही याला फार जपलंय हं,” ते म्हणाले. “कुठून आलंय ते माहीत नव्हतं. आज कळलं, बरं वाटलं.”

इरावतीही आल्या होत्या, कंपनीच्या पांढऱ्या जीपमधून. कोमल लोकलने आली. दापोडीला उतरून रिक्षा केली. संदेश कामावरून सुटून मोटारसायकलने आला. सगळे कठड्याभोवती उभे राहिले. सोपानांनी पट्टा पुन्हा कमरेला लावला. धोंडिबांनी नारळ हातात घेतला. काठी उंबराच्या खोडाकडे सरकत हातभर अंतरावर आली.

“गुरव,” टेम्पोतून कस्तुराबाई म्हणाल्या, “जरा थांबा. शीव बांधणार, ती कुटंपातूर?”

“काठी टेकती तितंपातूर. दरवर्षी तेच हाय.”

“म्हंजे नाथवाडीपासनं हितंपातूर?”

“व्हय.”

“मग मधी कामशेत येतं.”

धोंडिबांनी नारळ खाली घेतला. नाथवाडीची मुलगी शिवेच्या आत देत नाहीत. शिवेच्या आतले सगळे एका भावकीचे. तसं लग्न आजवर झालेलं नाही, आणि ते झालं तर काय होतं हे कुणाला माहीत नाही, कारण तसं कुणी केलेलंच नाही.

“कामशेतच येतं असं न्हाई,” धोंडिबा सावकाश म्हणाले. “कारलं येतं. वडगाव, तळेगाव. देहूरोड, निगडी.”

“आमची सोसायटी येते का?” गंगाधरांनी विचारलं.

“कठड्याच्या अलीकडं हाय तर येती.”

“मग पाणी कुठलं मिळेल? म्हणजे तुमच्या गावाला धरणाचं आहे का?”

सोपान भडकले. “वो आबा, माज्या पोरीचं लगीन हाय परवा. तुमचं पाणी कुटं काढता?”

“नाही, मी आपलं विचारून ठेवलं.”

संदेश सोपानांच्या जवळ आला. “बाबा, न टेकवताच परत नेली तर?”

“न टेकता आडवी केली तर पुढच्या चैत्रापातूर मांडव न्हाई,” धोंडिबा म्हणाले. “कुणाच्याच दारात.”

“मग हॉल घेऊ. लोणावळ्यात घेऊ.”

“लेक बापाच्या दारातल्या मांडवातनं निघती,” सोपान म्हणाले. “हॉलातनं पाव्हणं निघत्यात.”

“आणि हॉल घेतला तरी टेकल्यावर तुमी भाऊबहीण की,” कस्तुराबाई म्हणाल्या. “मी माजा नातू भावाला कसा देऊ? म्हंजे बहिणीला. तेच ते.”

इरावतींनी मधे पडून सांगितलं की झाड परत नेता येईल. गायरानाच्या कडेला जागाही मिळेल, अर्ज त्या स्वतः भरतील. मात्र जूननंतरच, कारण उन्हाळ्यात उपटलं तर झाड मरतं. तोपर्यंत काठी उभी धरायची का, असं एकाने विचारलं. दोर धरलेल्या चौघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“रजिस्टर लग्न करता येईल ना?” इरावतींनी कोमलला हळूच विचारलं.

“चौकशी केली होती. नोटीस देऊन महिनाभर थांबावं लागतं,” कोमल म्हणाली. “आणि अर्जात वधूचं गाव आणि वराचं गाव वेगवेगळं लिहायचं. ते आता काय लिहू, हे गुरवांनाच माहीत.”

संदेशने एक तोडगा काढला. काठी टेकवायची, पण कामशेतपुरती शीव वगळायची. धोंडिबांनी तो मनावर घेतला. त्यांनी कठड्यावर बसून बोटाने धुळीत रेघ काढली, तिला मधे खाच दिली, आणि बराच वेळ त्या खाचेकडे बघत राहिले. शीव म्हणजे बंद कुंपण. त्यात भोक ठेवलं तर वर्षभर गावात काय येईल ते सांगता येणार नाही, असं त्यांनी शेवटी सांगितलं. कामशेतकरांनीही, आपण भोक म्हणून राहायला तयार नाही, असं कळवलं. आम्ही आत यायला तयार आहोत, असा तळेगावहून एकाचा फोन आला. त्याला नंतर बघू म्हणून सांगण्यात आलं.

संध्याकाळी पोलिसांची गाडी गेली. पवनचक्कीचं पातं मुक्कामी पोचल्याची नोंद झाली होती, त्यामुळे त्यांचं काम संपलं होतं. सोसायटीने पिठलं-भाकरी आणून दिली. गंगाधरांच्या घरून सतरंज्या आल्या. सोपान जेवले नाहीत आणि पट्टाही सोडला नाही.

“काय करू ग?” त्यांनी कोमलला विचारलं. “टेकवली तर जावई जातो. न्हाई टेकवली तर मांडव जातो.”

“आणि माझं मत?”

“तुजं मत हायच की. पर ते ठेवायचं कुटं, त्ये मला कळंना झालंय.”

संदेश कठड्यावर तिच्या शेजारी येऊन बसला. “आपण पळून गेलो तर?”

“कुठे? पुण्याच्या पलीकडे जावं लागेल,” ती म्हणाली. “आणि काठी बाबांच्या कमरेला आहे.”

रविवारी सकाळी मांडववाल्याचा फोन आला. तो खांब आणि कापड घेऊन नाथवाडीत सोपानांच्या दारात उभा होता आणि खड्डे कुठे घ्यायचे, असं विचारत होता. सोपानांनी फोन धोंडिबांना दिला, धोंडिबांनी कस्तुराबाईंना. कस्तुराबाईंनी त्याला चहा पिऊन घ्यायला सांगितलं.

दहाच्या सुमाराला उंबराच्या बाजूचा दोर धरलेला माणूस गुडघ्यावर बसला. रात्रभर तोच उभा होता. बाकी सगळ्यांच्या हातात काही ना काही होतं. कोमलने ओढणी कमरेला खोचली आणि दोर घेतला. बाईने दोर धरायचा की नाही, याचा नियम आहे का, असं एकाने धोंडिबांना विचारलं. धोंडिबा म्हणाले, नियम न्हाई. कुणी धरलाच नव्हता.

हा दोर ओढला की काठी झाडाकडे जाते. सोडला की दुसऱ्या बाजूला, रस्त्यावर, आडवी होते.

सकाळी साडेअकरापर्यंत काठी उभी होती. तिच्यात आणि उंबरात हातभर अंतर होतं. मांडववाल्याचा चहा पिऊन झाला होता आणि त्याने पुन्हा फोन लावला होता. दोर कोमलच्या हातात होता.