लॉगिनच्या चौकटीतलं नाव

"आला बघ पुन्हा," मी म्हटलं.

क्षितिजने मान वर न करताच विचारलं, "आता काय?"

पडद्यावर पॉप-अप उघडला होता आणि त्यात माझं नाव होतं, आम्रपाली. सकाळपासूनची ही सहावी खेप. माणच्या आमच्या वीस जणांच्या कंपनीने भांड्यांचं एक ऑनलाइन दुकान बनवलं होतं. ते संध्याकाळी सहाला उघडायचं होतं. कोड क्षितिजचा, तपासणी माझी.

दोष साधा होता. लॉगिनच्या चौकटीत ईमेल चुकला की पान तोच ईमेल परत दाखवायचं, 'अमुक खातं सापडलं नाही.' ईमेलच्या जागी कुणी कोडची ओळ टाकली, तर पान ती नुसती दाखवत नव्हतं, चालवून मोकळं होत होतं. मी टाकायचे ती ओळ बिनविषारी, फक्त माझं नाव उघडणारी. चोर कशाला स्वतःचं नाव उघडेल? तो अशी ओळ लपवलेली लिंक लोकांना पाठवेल. एखादी बाई दुकानाचंच पान समजून पासवर्ड टाकेल आणि तो थेट चोराकडे जाईल. हे मी तीन आठवडे सांगत होते. सांगून सांगून मलाच माझा कंटाळा यायला लागला होता.

जेवणानंतर क्षितिज आला. "झालं. आता कर टेस्ट."

मी ओळ टाकली. पॉप-अप आला नाही. 'ही माहिती चालणार नाही' एवढंच आलं. मला बरं वाटलं. पण सहा वर्षं हेच काम केल्यावर बरं वाटलं की शंका येते. मी त्याच ओळीत माझ्या नावाऐवजी सोनू लिहिलं. पॉप-अप उघडला, आत सोनू!

"क्षितिज, तू नक्की काय केलंस?"

"तू टाकतेस ते ब्लॉक केलं."

"म्हणजे काय ब्लॉक केलं?"

त्याने मान खाजवली. "अगं... तुझं नाव."

मी माझा स्वतःचा ईमेल टाकला. त्यात माझं नाव आहेच. 'ही माहिती चालणार नाही.' माझं डोकंच फिरलं. दाराला कडी नाही म्हणून तक्रार केली, तर या शहाण्याने तक्रार करणारीलाच घरात यायची बंदी केली!

मी तडक आमच्या मॅनेजरकडे, गुरुदत्त सरांकडे गेले. त्यांनी माझी टेस्ट शीट उघडली.

"तूच लिहिलंयस ना, ही ओळ टाकल्यावर पॉप-अप येता कामा नये? येतो का?"

"नाही सर, पण दुसरं कुठलंही नाव टाकलं की..."

"मग ही टेस्ट पास आहे."

"सर, या दुकानात आता आम्रपाली नावाची बाई शिरूच शकत नाही."

"अशा किती असतील?" त्यांनी विचारलं. खवचटपणे नाही, अगदी हिशेबी मनाने.

"संत तुकाराम नगरला आमच्या एका बिल्डिंगमध्येच दोघी आहोत."

त्यांनी घड्याळ बघितलं. "तुझं कॉन्ट्रॅक्ट या महिन्यात संपतंय. परमनंटसाठी मी तुझंच नाव पाठवणार होतो. आजच्या दिवस अडून बसू नकोस."

माझे अप्पा चाकणच्या एका कंपनीत बावीस वर्षं टेम्पररी राहिले. आमच्या घरात परमनंट हा शब्द सणाचं नाव घेतल्यासारखा घेतात. हे सगळं मला त्या खुर्चीसमोर उभं असताना आठवलं, आणि भीतीही वाटली. तरी जागेवर येऊन मी शीटमध्ये 'फेल' लिहिलं, खाली पूर्ण नाव लिहिलं, आम्रपाली किसन कांबळे.

पाच वाजता सरांनी ती शीट माझ्याबरोबर तपासणी करणाऱ्या अनुयाला दिली. तिला नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालंय. माझ्याकडे न बघता तिने 'पास' केलं. मला तिचा राग आला आणि कीवही आली.

सहाला दुकान उघडलं. आमच्याकडे रीत आहे, साइट लाइव्ह झाली की प्रत्येकाने आपल्या फोनवरून लॉगिन करून एक वस्तू मागवायची. भिंतीवरच्या टीव्हीवर नावं येत जातात आणि पेढे वाटतात. क्षितिजचं नाव आलं, टाळ्या पडल्या. गुरुदत्त, अनुया, एकेक करत एकोणीस नावं झाली.

"ताई, माझ्या खात्यावरून टाका ना तुमची ऑर्डर," अनुया हळूच म्हणाली.

"नको गं. माझ्या नावाने टाकते."

मी ईमेल लिहिला. 'ही माहिती चालणार नाही.' पुन्हा लिहिला. पुन्हा तेच.

"आम्रपाली, पेढा घे ना," गुरुदत्त सर बॉक्स घेऊन समोर उभे होते. माझं नाव त्यांनी अगदी स्वच्छ उच्चारलं.

"थांबा सर," मी म्हटलं, "मी अजून बाहेरच आहे."

ते बॉक्स धरून तसेच उभे राहिले. मी पहिल्या अक्षरापासून माझं नाव परत लिहायला घेतलं.