पाणी कुठवर येईल?

बाळांनो, जरा डोळ्यांपुढे आणा: उजनी धरणाच्या काठी ट्रकने आणलेली वाळू पसरली आहे, तिच्यावर रंगीत छत्र्या उभ्या आहेत आणि फलकावर लिहिलंय ‘बीच रिसॉर्ट’. समुद्र मात्र इथून खूप लांब.

कळसची श्रेया तिथे आपल्या आत्याबरोबर आली होती. आत्याला आजच बंगल्यासाठी प्लॉट निवडायचा होता आणि तिचं मन काठाच्या प्लॉटवर बसलं होतं. उन्हाळ्यामुळे पाणी दूर हटलं होतं.

“धरण भरलं की पाणी बंगल्याच्या पायरीपर्यंत येतं, ताई,” प्लॉट दाखवणारा यशराज म्हणाला.

“पण पायरीशी थांब म्हणून त्याला कोण सांगतं?” श्रेयाने विचारलं.

“तू सांग की! तुझं समदी ऐकत्यात,” आत्या हसली.

श्रेया प्लॉटमधल्या बाभळीकडे टक लावून बघत होती. श्रेयाच्या खांद्याइतक्या उंचीवर, झाडाच्या काट्यांत वाळलेलं शेवाळ अडकलं होतं.

“आत्या, पाणी हितवर आलं हुतं!”

“अगं बया! मग घर कुठं बांधू? झाडावर?”

शेजारी गवंडी पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने कुंपणाची पातळी बघत होता. अशी नळी कशीही वळवा, दोन्ही टोकांना पाणी सारख्याच उंचीवर राहतं. श्रेयाने ती मागून घेतली. एका टोकातलं पाणी तिने शेवाळाच्या उंचीला धरलं, दुसरं टोक आत्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, “आता चढाकडं चाल. नळीतलं पाणी तुझ्या पायाशी जमिनीला टेकलं, की तितंच थांब. धरणाचं पाणी तितवर येतंय, घर त्याच्या वर बांध!”