कात्रीनं न विचारलेला प्रश्न

भौतिकशास्त्र विभागात दर गुरुवारी दुपारी कुणाचं तरी संशोधनावरचं व्याख्यान असे. ते संपलं की सगळ्यांच्या माना आपोआप तिसऱ्या रांगेकडे वळत. तिथे कात्री बसलेला असे. हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. पाहुणा कितीही मोठा असो, त्याच्या मांडणीतला सैल धागा या प्राध्यापकाला नेमका दिसायचा आणि हात वर जायचा. भल्याभल्यांची भंबेरी उडालेली त्या सभागृहानं पाहिली होती.

त्या गुरुवारी व्याख्यान त्याच्या बायकोचं होतं.

एका अंतराळयानावरच्या दुर्बिणीनं टिपलेला एका ताऱ्याचा प्रकाश अधूनमधून किंचित मंदावतो, म्हणजे त्याच्यासमोरून एखादा ग्रह जात असणार, असं तिचं म्हणणं होतं. या कामात तिनं कित्येक वर्षं जीव ओतला होता. तिचे आलेख मात्र तो आज पहिल्यांदाच पाहत होता; घरी कामाचं बोलायची दोघांनाही सवय नव्हती. शेजारी सासूबाई बसल्या होत्या. लेकीला ऐकायला मुद्दाम आल्या होत्या. कळत काही नव्हतं, पण चष्मा पुसून पुसून पडद्याकडे बघत होत्या.

पडद्यावर ताऱ्याचा मुख्य आलेख आला आणि कात्री खुर्चीत पुढे सरकला.

त्या तारखा त्याच्या ओळखीच्या होत्या. या यानाच्या कॅमेऱ्याच्या चाचण्या करण्यात त्याची उमेदवारीची वर्षं गेली होती. माहिती पाठवायला यान पृथ्वीकडे वळलं की कॅमेऱ्याच्या एका कोपऱ्याला ऊन लागे. कोपरा तापे, आणि पुढे काही तास तिथलं सगळं जरा अंधुक दिसे. तिचा तारा त्याच कोपऱ्यात होता, आणि प्रकाश मंदावत होता तो नेमका त्या वळणांनंतर. तारा बिचारा जसाच्या तसा तळपत होता.

"बरोबर बोलतेय ना हो ती?" सासूबाई कुजबुजल्या.

"अगदी बरोबर," तो म्हणाला, आणि हात मांडीवरच ठेवले.

"काही प्रश्न?" विभागप्रमुखांनी विचारलं. सगळे तिसऱ्या रांगेकडे वळले. कात्री पेनाच्या टोपणाशी चाळा करत होता. प्रमुख हसले. "कात्रीलाही काही सापडलं नाही! मग काय, शिक्कामोर्तबच झालं."

टाळ्या कडाडल्या. सभागृहाच्या दारातच प्रमुखांनी सांगून टाकलं, "सोमवारी पत्रकारांना बोलावतो."

घरी गेल्यावर शांतपणे सांगू, असं त्यानं ठरवलं होतं. आपल्या गप्प बसण्याचाच शिक्का होईल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

घरी पोचताच स्वयंपाकघरातच त्यानं सगळं सांगितलं. तिनं चहाच्या आधणाखालचा गॅस बंद केला, लॅपटॉप उघडला, यानाच्या वळणांचं वेळापत्रक काढलं. एकेक तारीख आलेखाशी ताडून पाहिली.

"तुला हे कधी कळलं?"

"तू बोलत होतीस तेव्हाच."

"मग हात का नाही वर केलास?"

"शेजारी आई होत्या. तुझा एवढा मोठा दिवस. मला वाटलं..."

"गेल्या महिन्यातल्या त्या पाहुण्याला सोडलंस? त्या नव्या मुलीचं तर पहिलंच व्याख्यान होतं, तिला सोडलंस? मग मलाच का? एवढी लेचीपेची वाटले मी तुला?"

"तसं नाही गं. बायको आहेस म्हणून..."

"तिथे मी तुझी बायको नव्हते."

दारात सासूबाई उभ्या होत्या. "जावईबापू, मला तर तुम्ही अगदी बरोबर म्हणालात."

"खोटं बोललो, आई."

त्या आत निघून गेल्या. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं, असं त्याला वाटलं.

प्रमुखांना फोन तिनंच केला. पत्रकारांचं बोलावणं रद्द झालं. पुढच्या गुरुवारी ती पुन्हा त्याच पडद्यासमोर उभी राहिली आणि आपली चूक कुठे झाली, ते पायरी पायरीनं सांगितलं. आवाज एकदाही कापला नाही. शेवटी तिनं स्वतःच तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. "प्रश्न?"

त्यानं हात वर केला. "तारा त्या कोपऱ्यात नसतानाची काही निरीक्षणं आहेत?"

"आहेत, थोडी. त्यात एकदाच प्रकाश मंदावलेला दिसतो."

"तो एखाद्या वळणानंतर?"

"नाही. तपासलंय."

"मग एका वेळेवरून ग्रह आहे म्हणायचं?"

"म्हणायचं नाही. पण तारा सोडून द्यायचा असंही नाही."

"बरोबर," असं म्हणून तो खाली बसला. या वेळी टाळ्या कडाडल्या नाहीत. लोक मात्र जागेवरून उठले नाहीत, आणि मागच्या रांगांतूनही एकेक हात वर होऊ लागला.

घरातला अबोला त्यानंतरही बरेच दिवस टिकला. कामापुरतं बोलणं आणि कामापुरतंच हसणं. पुढे तिला डोंगरावरच्या एका मोठ्या दुर्बिणीवर काही रात्री मिळाल्या. ती एकटीच गेली. शेवटच्या दिवशी सकाळी तिचा फोन आला, आवाज झोपाळलेला.

"दिसलं का काही?"

"सुरुवात दिसली. प्रकाश उतरायला लागला, आणि ढग आले."

"अरेरे! आणि मग?"

"मग काय, ढगांना शिव्या घातल्या." ती हसली. किती दिवसांनी मनापासून हसली, हे त्याच्या कानांनी बरोबर टिपलं. "ऐक ना, सगळी निरीक्षणं तुला पाठवते. बघ जरा. आणि हातचं राखून बघू नकोस."